'सभापती': एक नाव, दोन पात्रे

मराठी नाट्येतिहासात तंजावरचा उल्लेख शहाजीराजांच्या (कारकीर्द १६८४–१७१२) 'लक्ष्मीनारायणकल्याण' या नाटकापाशी येतो आणि बहुधा तेथेच थांबतो. तमिळ प्रदेशातील पुढील विनोदपरंपरेकडे आपले लक्ष जात नाही. तिचा एक लक्षणीय नमुना म्हणजे 'सभापती' हा चित्रपट.

मद्रासच्या सुगुण विलास सभेचे (स्थापना १८९१) संस्थापक पम्मल संबंद मुदलियार यांच्या प्रहसनावरून ए. व्ही. मेय्यप्पन यांनी तो ऐन महायुद्धात, डिसेंबर १९४१ मध्ये, पडद्यावर आणला. मराठी वाचकास 'सभापती' म्हणजे अध्यक्ष; तमिळमध्ये ते चिदंबरमच्या नटराजाचे, म्हणून माणसाचेही नाव. येथे मंदबुद्धी धनिकपुत्र (टी. आर. रामचंद्रन) आणि त्याहून भोळा नोकर (काळी एन. रत्नम) हे दोघेही सभापतीच. नोकर आज्ञा शब्दशः पाळतो आणि फजिती धन्याची होते.

'लग्न पाहावं करून' (१९४०) या मराठी चित्रपटातील चिमणराव-गुंड्याभाऊ ही जोडी नात्यातली आहे. त्यामुळे तेथील हसू घरातच राहते. 'सभापती'त नाव समान, पायरी असमान. म्हणून तेच हसू धनीपणालाच प्रश्न विचारते. दोन्ही विनोद शेजारी ठेवून वाचले, तरच हा भेद दिसतो.