परतावा घ्या, उपकार मानू नका

मखराची ऑर्डर दहा दिवस आधी दिलेली असते. ॲपवर चतुर्थीच्या दोन दिवस आधीची तारीख दिसत असते. खोकं दारात येतं तेव्हा गौरी-गणपतींचं विसर्जनही होऊन गेलेलं असतं. तक्रार केली की चॅटवर दोन मिनिटांत उत्तर येतं: पूर्ण रक्कम परत करतो, मखर ठेवून घ्या, वर पुढच्या खरेदीसाठी दोनशे रुपये. राग जागच्या जागी निवळतो आणि कंपनी किती चांगली आहे, हे ग्राहक चार जणांना सांगतो. असं वाटणं साहजिकच आहे. तरीही या परताव्यात चांगुलपणा किती, हिशेब किती आणि हक्क किती, हे एकदा निवडून पाहिलं पाहिजे. निवडायला बसलं की कळतं, आपण ज्याला औदार्य म्हणतो त्यातला मोठा वाटा मुळातच आपला असतो.

आधी हिशेब पाहू. वस्तू परत न्यायची तर कुरिअरची आणखी एक फेरी, गोदामात तपासणी, नव्यानं पॅकिंग, एवढं सगळं आलं. स्वस्त वस्तूच्या बाबतीत हा खर्च तिच्या किमतीच्याही वर जातो आणि हंगाम सरलेलं मखर पुन्हा विकलं जाईल याची खात्री नसते. 'ठेवून घ्या' हा तिथे सर्वांत स्वस्त मार्ग असतो. दुसरा फायदा ग्राहकाच्या मनातला. चूक झाली, पण ती उत्तम रीतीनं निस्तरली, तर ग्राहक कधी कधी चूक न झालेल्या ग्राहकापेक्षाही जास्त खूश होतो. मॅकलॉ आणि भारद्वाज या अभ्यासकांनी 1992 मध्ये याला 'सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स' असं नाव दिलं. पुढे 2007 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्यात समाधान वाढल्याचं दिसलं, मात्र पुन्हा तिथूनच खरेदी करण्याचा इरादा तसा वाढलेला दिसला नाही. म्हणजे ग्राहक सुखावतो, पण हुकलेली वेळ विसरत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण उशिरा आलेल्या वस्तूत पैशांपेक्षा तो दिवस गेलेला असतो आणि तो कुठल्याच खात्यात जमा होत नाही.

आता हक्क. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जुलै 2020 मध्ये ई-कॉमर्स नियम आले. सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोहोचला, तर तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, असं त्यांत स्पष्ट म्हटलं आहे. अपवाद आहे तो फक्त पूर-वादळासारख्या हाताबाहेरच्या कारणाचा. तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात, हेही बंधन आहे. थोडक्यात, मखराची किंमत परत मिळाली ती नियमानं. औदार्य असेल तर ते वरच्या दोनशे रुपयांत, आणि तेही बहुधा त्याच ॲपवर, ठरावीक तारखेच्या आत खर्च करायचे असतात.

यावर आक्षेप येतात आणि ते दुर्लक्ष करण्यासारखे नाहीत. पहिला असा, की काही ग्राहक खोट्या तक्रारी करतात. खरं आहे. पण उशीर ही तपासायला सर्वांत सोपी गोष्ट आहे. दिलेली तारीख आणि पोहोचल्याची तारीख दोन्ही कंपनीच्याच नोंदीत असतात. दुसरा आक्षेप जास्त गंभीर: उशिराचा भुर्दंड शेवटी दुचाकीवरच्या पोराच्या माथी बसतो. अमेरिकेत डॉमिनोजनं 'तीस मिनिटांत पिझ्झा' ही हमी 1993 मध्ये मागे घेतली, ती एका अपघाताच्या खटल्यात ज्यूरीनं कोट्यवधी डॉलरची भरपाई ठरवल्यानंतर. म्हणूनच भरपाई कंपनीनं सोसावी, डिलिव्हरी करणाऱ्याच्या कमाईतून कापू नये, आणि पाळता येईल तीच तारीख द्यावी. खोटी तारीख दाखवून ऑर्डर मिळवायची आणि मग परतावा देऊन मोकळं व्हायचं, याला सेवा म्हणत नाहीत.

मर्जीवरचं औदार्य टिकतही नाही. आयआरसीटीसीनं तेजस एक्सप्रेस एक तासापेक्षा जास्त उशिरा आली तर 100 रुपये आणि दोन तासांपेक्षा जास्त उशिरा आली तर 250 रुपये देण्याची योजना 2019 मध्ये आणली. आकडा आधीच जाहीर, सर्व प्रवाशांना सारखा. पद्धत उत्तम होती. पण ती 2024 मध्ये बंद झाली. ऑनलाइन खरेदीतही असाच ठरलेला, ऑर्डर देतानाच दिसणारा आकडा हवा आणि तो नियमात हवा. नाहीतर चॅटवर नेटानं भांडणाऱ्याला पूर्ण रक्कम आणि मुकाट बसणाऱ्याला नुसती दिलगिरी, हेच चालत राहील.

तोवर ऑर्डर देताना डिलिव्हरीच्या तारखेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे वॉलेटमध्ये नकोत, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात हवेत, असं सांगा. यूपीआयनं परत आले असतील तर 12 आकडी संदर्भ क्रमांक मागून घ्या. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. ग्राहक आयोगात तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते आणि 5 लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी त्याला शुल्क लागत नाही.