अंगणातली मोठी छत्री

श्रोते हो, सातपुड्याच्या दऱ्यांत मनोऱ्यावरून आलेली लहर डोंगर अडवतो. उपग्रहाची लहर वरून येते. दूरदर्शनचे उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंच आहेत. पृथ्वीबरोबरच फिरत असल्याने ते एका जागी स्थिर भासतात. नंदुरबारहून ती जागा आग्नेयेला, क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर येते. एवढ्या वर डोंगर सहसा आड येत नाही. १९७५ साली कोंबड्यांच्या जाळीच्या दहा फुटी छत्र्यांनी सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत चित्रे पोचली, ती अशीच वरून.

छत्री बसवताना आधी खांब पाहावा. काँक्रीट घट्ट होण्याआधी गवंड्याचा ओळंबा दोन बाजूंनी लावा. खांब कलला, की पुढचे सारे माप चुकले. पाकळ्या सपाट जमिनीवर जोडा. सगळे बोल्ट आधी हाताने बसवा, मगच पान्याने आवळा. मग काठापासून काठापर्यंत दोन सुतळ्या फुलीसारख्या ताणा. मधोमध त्या एकमेकींना जेमतेम टेकल्या, तर छत्री सरळ. फट पडली किंवा सुतळी दबली, तर काठ वाकडा.

शेवटी रोख. दहा फुटी छत्री एक-दीड अंश चुकली तरी चित्र जाते. म्हणून गुरुजी, घाई नको. तसूभर फिरवा, थांबा, पाहा. आणि हो, आग्नेयेला अगदी लगत झाड लावू नका!