नथूची बँक आणि 35 गुण

माध्यमिक शाळेतील इंग्रजीचे अध्यापन म्हणजे एका परभाषेचे व्याकरण आणि तिच्यातील निवडक साहित्य विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवणे, अशी सर्वसाधारण समजूत असली, तरी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतील मराठी माध्यमाच्या वर्गात या विषयाच्या तासिकेला एकाच वेळी तीन भाषा नांदत असतात. घरून आलेली अहिराणी, पाठ्यपुस्तकांतून आलेली प्रमाण मराठी आणि फळ्यावरची इंग्रजी अशा त्या तीन भाषा होत. यावल-रावेरकडे अहिराणीच्या जागी लेवा गणबोली येते, शिरपूरच्या सातपुड्यालगतच्या गावांत पावरी, तर साक्री तालुक्याच्या पश्चिम भागात कोकणी आणि भिलोरी. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सनने आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला मराठीच्या खंडात न घेता भिली भाषांसोबत स्थान दिले, आणि 2011 च्या जनगणनेतही खानदेशी या स्वतंत्र शीर्षकाखाली सुमारे 18 लाख 60 हजार भाषक नोंदले गेले, त्यांत अहिराणीचा वाटा सर्वांत मोठा होता. म्हणजे शासनाच्या लेखी इंग्रजी ही ज्या मुलाची ‘तृतीय भाषा’ ठरते, त्याच्या दृष्टीने प्रमाण मराठी हीसुद्धा बऱ्याच अंशी शिकून घेतलेली भाषा असते.

ही वस्तुस्थिती वर्गात कशी हाताळली जाते हे पाहणे, हा प्रस्तुत निरीक्षणाचा हेतू होता. त्याला निमित्त झाली ती दहावीच्या इंग्रजीची कृतिपत्रिका. पाठांतरापेक्षा भाषेच्या वापरावर भर देण्यासाठी जुन्या प्रश्नपत्रिकेच्या जागी आलेल्या या कृतिपत्रिकेत उतारे, कविता, पत्रलेखन, संवादलेखन यांच्या जोडीला भाषांतराचाही एक छोटा विभाग असतो, आणि त्यातील इंग्रजी शब्द, वाक्ये व म्हणी यांचे ‘शिक्षणाच्या माध्यमात’ भाषांतर केल्यास 5 गुण मिळतात. परीक्षेने भाषांतराला अशी अधिकृत जागा दिली खरी, परंतु वर्गात मुलगा ज्या भाषेत मनातल्या मनात भाषांतर करतो, तिचा उल्लेख कोठेही नाही.

जळगाव जिल्ह्यातील एका अनुदानित शाळेत मधल्या सुट्टीनंतरची तासिका दहावीच्या इंग्रजीची होती. शालेय पोषण आहार योजना आठवीपर्यंतच लागू असल्याने दहावीच्या मुलांच्या वाट्याला खिचडी येत नाही, मात्र तिचा वास व्हरांड्यातून सरळ वर्गात येतो. शिक्षिका पंचविसेक वर्षांच्या अनुभवाच्या होत्या. हजेरी झाली, टाचण वहीत पाहून त्यांनी पाठाचे नाव फळ्यावर लिहिले आणि वाचन सुरू केले. पाठ होता ‘माय इंग्लिश कोर्सबुक’ मधील रस्किन बाँड यांच्या कथेचा. पिंपळनगर नावाच्या गावातील बँकेच्या पायऱ्या झाडणारा नथू हा मुलगा, महिन्याचा पगार मिळाला नाही म्हणून धोब्याच्या मुलाजवळ कुरकुर करतो. ती कुरकुर तोंडातोंडी वाढत जाते, बँक बुडणार अशी आवई उठते, मालक शेठ काश्मीरला गेलेला असतो आणि पैसे काढायला लोटलेल्या गर्दीपुढे बँक खरोखरच कोसळते.

शिक्षिकांनी परिच्छेद इंग्रजीतून मोठ्याने वाचला, कठीण शब्दांचे अर्थ मराठीतून दिले आणि मग, वर्गाचे चेहरे पाहून, सहज विचारले, “नथूना पगार कितला व्हता रे?” त्या एका वाक्याने वर्गाची बसण्याची पद्धत बदलली, मागच्या बाकांवरून उत्तरे येऊ लागली. थोड्या वेळाने खिडकीजवळच्या एका मुलाने हात वर न करताच विचारले, “मॅडम, पैसा ते बँकमाज व्हतात, मंग बँक कशी बुडनी?” पैसे तर बँकेतच होते, मग बँक बुडाली कशी, हा त्याचा प्रश्न होता. कथेचा सगळा गाभा त्या प्रश्नात होता: बँक रोकडीवर जितकी चालते त्याहून अधिक लोकांच्या विश्वासावर चालते, आणि विश्वास शब्दाने मोडतो. शिक्षिकांनी उत्तर दिले नाही. त्यांनी त्याला तोच प्रश्न इंग्रजीतून विचारायला सांगितला. मुलगा उभा राहिला, बराच वेळ अडखळला आणि म्हणाला, “मनी वॉज इन बँक. देन व्हाय बँक ब्रोक?” व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्यांत दोष आहेत, पण कोणत्याही मार्गदर्शकात न सापडणारा, स्वतःच्या शंकेतून आलेला इंग्रजी प्रश्न त्या तासिकेत तेवढा एकच विचारला गेला, आणि तो अहिराणीच्या वाटेने आला.

व्याकरणातही अहिराणीचा असाच उपयोग होताना धुळे जिल्ह्यातील एका वर्गात दिसला. साधा वर्तमानकाळ आणि चालू वर्तमानकाळ, म्हणजे नेहमीची क्रिया आणि या क्षणी चाललेली क्रिया, यांतील फरक मुलांच्या गळी उतरत नाही ही इंग्रजी शिक्षकांची जुनी तक्रार आहे. तेथील शिक्षकांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली: ‘तो घर जास’ आणि ‘तो घर जाई ऱ्हायना’. पहिल्यात क्रियापद एकटे आहे, दुसऱ्यात त्याला सहायक क्रियापदाची जोड आहे. हे मुलांना जन्मापासून माहीत होते, फक्त कोणी ते व्याकरण म्हणून दाखवले नव्हते. त्याखाली इंग्रजी वाक्ये लिहिल्यावर फारसे स्पष्टीकरण द्यावे लागले नाही. मात्र वर्गावर निरीक्षक आहे हे लक्षात येताच त्यांनी अहिराणी वाक्ये पुसून टाकली. ही पुसण्याची क्रिया फार बोलकी होती. आपल्या हातातील सर्वांत उपयुक्त साधन लपवावे असे अनुभवी शिक्षकाला वाटावे, हे शिक्षणव्यवस्थेला भूषणावह नाही.

या संकोचाची मुळे जुनी आहेत. इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी, वर्गात मातृभाषेला प्रवेश देऊ नये, असे मानणाऱ्या प्रत्यक्ष पद्धतीचा प्रभाव प्रशिक्षण वर्गांतून दीर्घकाळ राहिला. दुसरीकडे महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकल्या. वेल्समधील अभ्यासक सी. जे. डॉडसन यांनी 1967 साली द्विभाषिक पद्धतीचा शास्त्रशुद्ध पुरस्कार केला. तीत शिक्षक अर्थ मातृभाषेतून झटकन स्पष्ट करतो आणि वाचलेला वेळ विद्यार्थ्यांच्या बोलण्यासाठी वापरतो. खानदेशातील शिक्षक नकळत हीच पद्धत वापरतात, परंतु तिचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे वाचलेला वेळ मुलांना बोलते करण्यासाठी देणे, त्यांच्या हातून निसटतो, आणि त्याचे कारण जळगाव जिल्ह्यातील त्या शिक्षिकांनी एका आकड्यात सांगितले: 35.

उत्तीर्ण होण्यासाठी 100 पैकी 35 गुण लागतात. “पालक येतात आणि म्हणतात, मॅडम, तेवढे पस्तीस पाडा,” असे त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या स्वरात राग कमी आणि थकवा अधिक होता. या 35 गुणांभोवती दहावीचे वर्ष रचले जाते. पत्राचा साचा, जाहिरातीचा साचा, आकृतीवरून परिच्छेद लिहिण्याचा साचा पाठ करून घेतला जातो, कारण साचा हमखास गुण देतो. लेखी परीक्षा 80 गुणांची आणि ऐकणे-बोलणे यांसाठी 20 गुण, अशी विभागणी असली, तरी 35 गाठण्याच्या घाईत हे 20 गुण पुष्कळदा सैल हाताने दिले जातात. म्हणजे बोलायला शिकवण्यासाठी ठेवलेली जागाच बोलणे टाळण्याच्या कामी येते. कापूस वेचणीच्या हंगामात, दिवाळीच्या आगेमागे, अनेक मुले शेतात असतात, आणि ती परतल्यावर पहिला बळी जातो तो कथा-कवितांचा. गोष्ट मार्गदर्शकातून वाचता येते, साचा मात्र करून घ्यावा लागतो, असा हिशोब असतो. 2000 सालच्या निर्णयानुसार पहिलीपासून, म्हणजे तब्बल दहा वर्षे, इंग्रजी शिकलेल्या मुलाचे उद्दिष्ट 35 असावे, ही गोष्ट शिक्षकाच्या माथी मारून मोकळे होता येणार नाही.

गुणांपलीकडे भाषा आणि साहित्य जपण्याची खानदेशाला परंपरा नाही असेही नव्हे. अमळनेरच्या शाळेत 1924 ते 1930 या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी वसतिगृहातील मुलांसाठी हस्तलिखित ‘छात्रालय दैनिक’ चालवले, ज्याच्या वाचनाला कसलेही गुण नव्हते. यावल तालुक्यातील सांगवीत 1938 साली जन्मलेल्या भालचंद्र नेमाडे यांनी इंग्रजीचे अध्यापन हा व्यवसाय केला आणि ‘कोसला’ मराठीत लिहिली. शाळेची पायरी न चढलेल्या बहिणाबाई चौधरी यांचे नाव आज जळगावच्या विद्यापीठाला आहे, आणि या भागातील इंग्रजीचे अनेक शिक्षक त्याच विद्यापीठाचे पदवीधर आहेत. ज्या प्रदेशाने बोलीतील कवितेला विद्यापीठाच्या कमानीवर स्थान दिले, त्या प्रदेशात फळ्यावरची अहिराणी पुसावी लागू नये.

अभ्यासक्रम वा परीक्षा बदलणे शाळेच्या हाती नाही, परंतु वेळापत्रक निश्चितच आहे. जळगाव, धुळ्याच्या मुख्याध्यापकांनी नववी-दहावीच्या इंग्रजीसाठी आठवड्यातून एक तासिका केवळ गोष्ट मोठ्याने वाचण्यासाठी आणि तिच्यावर बोलण्यासाठी राखून ठेवावी. तीत साचे लिहून घेऊ नयेत, प्रश्न अहिराणीत, पावरीत, कोणत्याही बोलीत विचारण्याची मुलांना मोकळीक असावी, आणि तोंडी परीक्षेचे 20 गुण याच तासिकेतील बोलण्यावर द्यावेत.