क्षयाची लस आणि कर्करोगाची गाठ : लॉईड ओल्ड यांचे संशोधन

शरीराची रोगप्रतिकारशक्ती कर्करोगाच्या गाठीशी लढू शकते, हे प्रयोगशाळेत सिद्ध करणाऱ्या संशोधकांमध्ये अमेरिकेच्या लॉईड ओल्ड (१९३३–२०११) यांचे नाव अग्रभागी येते. सॅन फ्रान्सिस्कोत वैद्यकाची पदवी घेऊन १९५८ मध्ये ते न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेत दाखल झाले. तिथे त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या मोठ्या कामाचे साधन होते क्षयाची लस, म्हणजेच बीसीजी. क्षय आणि कर्करोग हे एरवी अगदी वेगळ्या जातीचे रोग. पण त्यांना तोंड देणारी शरीराची यंत्रणा बरीचशी एकच आहे, हे त्यांच्या संशोधनातून पुढे आले.

जंतुसंसर्ग झाल्यावर गाठ विरल्याच्या नोंदी त्याआधीही होत्या. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ पासून शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या सार्कोमाच्या रुग्णांना मुद्दाम स्ट्रेप्टोकोकस जंतू टोचले. पुढे ते मृत जंतूंचे मिश्रण वापरू लागले. काही रुग्ण बरे झाले, पण कोण बरा होईल आणि का होईल, हे सांगता येत नव्हते. किरणोपचार आल्यावर ही पद्धत मागे पडली. १९२९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील रेमंड पर्ल यांनी शवविच्छेदनाच्या नोंदींवरून दाखवले, की कर्करोग झालेल्यांमध्ये क्षयाच्या खुणा कमी आढळतात. मात्र त्यांनी तुलनेसाठी घेतलेल्या मृतांमध्ये मुळातच क्षयाने गेलेले पुष्कळ होते, त्यामुळे हा निष्कर्ष टिकला नाही. क्षय आणि कर्करोग यांच्यात काही नाते असेल का, हा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला.

तो प्रयोगाने तपासायला बीसीजी सोयीची होती. आल्बेर काल्मेत आणि कामीय गेरँ यांनी फ्रान्समधील लील येथे गुरांना क्षय करणारा जंतू पित्त, ग्लिसरीन आणि बटाटा यांच्या माध्यमावर तेरा वर्षांत सुमारे २३० वेळा नव्याने वाढवला. त्यात त्याची रोग करण्याची ताकद गेली, शरीराला सावध करण्याची मात्र राहिली. १९२१ मध्ये ही लस पहिल्यांदा एका बाळाला देण्यात आली. भारतात नवजात बाळाच्या डाव्या दंडावर टोचतात ती हीच.

ओल्ड, डोनाल्ड क्लार्क आणि बारूख बेनासेराफ यांनी उंदरांना आधी बीसीजी टोचली आणि नंतर त्यांच्या शरीरात गाठीच्या पेशी रोपल्या. लस मिळालेल्या उंदरांनी त्या गाठींना लस न मिळालेल्यांपेक्षा अधिक विरोध केला. १९५९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. बीसीजीचे जंतू कर्करोगाच्या पेशींना थेट मारत नव्हते. त्यांच्यामुळे मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, अधिक कार्यक्षम होत होत्या आणि त्याचा फटका गाठीलाही बसत होता.

या कामानंतर माणसांमध्येही बीसीजीचे प्रयोग झाले. रक्ताच्या आणि त्वचेच्या कर्करोगात सुरुवातीला आशा वाटली, पण ती फार टिकली नाही. प्राण्यांवरील प्रयोगांतून यशाच्या अटी हळूहळू स्पष्ट झाल्या : गाठ लहान हवी, जिवंत जंतूंचा तिच्याशी थेट संपर्क यायला हवा आणि रुग्णाची प्रतिकारशक्ती शाबूत हवी. मूत्राशयाच्या आतील अस्तरापुरता मर्यादित असलेला कर्करोग या अटींत नेमका बसतो. कॅनडातील किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठातील अल्वारो मोरालेस आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांच्या मूत्राशयात बीसीजी सोडली. पुन्हा पुन्हा उगवणाऱ्या गाठींचे प्रमाण घटल्याचे त्यांनी १९७६ मध्ये नोंदवले. अमेरिकेत या उपचाराला १९९० मध्ये अधिकृत मान्यता मिळाली.

आधी दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात. मग कॅथेटरने लशीचे द्रावण मूत्राशयात सोडून ते सुमारे दोन तास आत ठेवायचे, असे दर आठवड्याला एकदा, सहा आठवडे. पुढे ठरावीक अंतराने आणखी मात्रा देतात. अस्तराला दाह होतो, रक्तातील पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात आणि उरलेल्या कर्करोगपेशींवर हल्ला करतात. लघवीला जळजळ आणि ताप हे नेहमीचे त्रास. क्वचित हे जंतू शरीरात पसरतात आणि क्षयाची औषधे द्यावी लागतात. गाठ स्नायूपर्यंत पोहोचली असेल, तर हा उपचार पुरत नाही. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट या उपचारासाठी लागणारी बीसीजीही तयार करते.

ओल्ड यांचा पुढचा प्रश्न होता : सावध झालेल्या पेशी गाठीला नेमक्या कशाने मारतात? १९७५ मध्ये त्यांच्या गटाने याचे उत्तर दिले. बीसीजी दिलेल्या उंदरांना काही दिवसांनी जंतूंच्या आवरणातले विष टोचले आणि थोड्या वेळाने त्यांच्या रक्तातील द्रव काढला. तो गाठ असलेल्या दुसऱ्या उंदरांना दिल्यावर गाठीत रक्तस्राव होऊन तिचा मधला भाग मरून गेला. काचपात्रात ते विष एकटे कर्करोगपेशींना मारत नव्हते. हा द्रव मारत होता. त्यातील घटकाला ‘ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर’ म्हणजे टीएनएफ हे नाव देण्यात आले. तो प्रामुख्याने मॅक्रोफेज तयार करतात. कोलींच्या मिश्रणाने काही गाठी का विरल्या असाव्यात, याचे एक कारणही त्यातून मिळाले.

टीएनएफचे जनुक १९८४ मध्ये वेगळे झाले आणि तो मोठ्या प्रमाणावर बनवणे शक्य झाले. पण रुग्णांना दिल्यावर तीव्र ताप येई, रक्तदाब कोसळे. त्यामुळे कर्करोगातील त्याचा वापर हात किंवा पाय यांचे रक्ताभिसरण तात्पुरते वेगळे करून देण्यापुरता राहिला. याच सुमारास ब्रूस ब्यूटलर आणि अँथनी सेरामी यांना वेगळ्याच वाटेने हाच रेणू सापडला. दीर्घ आजारात जनावरे कशी खंगत जातात, याचा ते शोध घेत होते.

शरीराला टीएनएफची गरज कुठे असते, हे क्षयानेच दाखवून दिले. फुप्फुसात शिरलेल्या क्षयजंतूंभोवती मॅक्रोफेज आणि इतर पेशी तटबंदी उभारतात. या गाठोळीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. ती टिकवण्यासाठी टीएनएफ लागतो. संधिवात आणि आतड्यांच्या क्रोन्स आजारात टीएनएफ रोखणारी इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे १९९० च्या दशकाच्या अखेरीस आली आणि फार गुणकारी ठरली. पण काही रुग्णांत वर्षानुवर्षे सुप्त असलेला क्षय उफाळून आला. २००१ मध्ये अशा ७० रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. तेव्हापासून ही औषधे सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि त्वचेवरील मांटू किंवा रक्ताची इग्रा चाचणी करून सुप्त क्षय आहे का, हे पाहतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण भारतात असल्याने इथे ही खबरदारी विशेष महत्त्वाची ठरते.

उत्तरायुष्यात ओल्ड यांनी सेंट लुईसचे रॉबर्ट श्रायबर यांच्याबरोबर काम केले. प्रतिकारशक्ती नवजात कर्करोगपेशींचा नायनाट करते. काहींना मारता आले नाही, तरी दीर्घकाळ रोखून धरते. आणि शेवटी तिला चकवणाऱ्या पेशींचीच गाठ वाढते, असे तीन टप्पे त्यांनी मांडले. यातला मधला टप्पा सुप्त क्षयाशी जुळणारा आहे : जंतू जिवंत असतात, रोग मात्र नसतो.

प्रतिकारपेशींवरील अडसर काढून त्यांना गाठीवर सोडणारी औषधे आज वापरात आहेत. त्यामागच्या शोधासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ही औषधे घेणाऱ्या काही रुग्णांतही क्षय उफाळल्याच्या नोंदी आहेत. टीएनएफ कमी पडल्याने क्षयाची तटबंदी ढासळते, तर इथे अनावर झालेल्या प्रतिकारामुळे ती मोडत असावी. क्षयजंतूला आवरण्यासाठी प्रतिकारशक्ती प्रबळ असून भागत नाही, ती तोललेलीही असावी लागते. म्हणूनच कर्करोगावर असे औषध सुरू असताना खोकला, ताप किंवा वजनात घट दिसली, तर डॉक्टर क्षयाचीही शक्यता तपासतात.