सकाळच्या रेडिओतला दुसरा आवाज

पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. साठी ओलांडलेल्या मराठी श्रोत्यासमोर ही तीन नावं घेतली की पुढचं काही सांगावं लागत नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालिकेत बाळ कुडतरकर पंत होते, नीलम प्रभू मीनावहिनी आणि प्रभाकर जोशी टेकाडे भावजी. प्रपंच पंतांचा आणि वहिनींचा. भावजी हे बाहेरून येणारं माणूस. तरीही आज कुणी त्या मालिकेची आठवण काढली, तर ओठांवर आधी भावजींचं नाव येतं.

त्याचं कारण रेडिओच्या स्वभावात आहे. घरातल्या दोघांना जे आधीपासून ठाऊक आहे, ते त्यांनी एकमेकांना समजावून सांगितलं तर खोटं वाटतं. तिसरा माणूस आला की त्याला सांगावंच लागतं. तो विचारतो, चुकीचं समजतो, भलताच अर्थ काढतो, आणि त्या निमित्ताने विषय श्रोत्यापुढे उलगडतो. रेडिओवर चेहरा दिसत नाही, हातवारे दिसत नाहीत. मग ‘हे गमतीचं होतं’ हे श्रोत्याला कसं कळणार? कुणीतरी हसल्यावर. स्वतःच्याच विनोदावर हसणारा निवेदक कानाला बरा वाटत नाही, म्हणून हसायला दुसरा माणूस लागतो.

आज एफएमवर हाच माणूस सकाळच्या कार्यक्रमात बसलेला असतो. सकाळी साधारण सात ते अकरा हा एफएमचा सगळ्यात मोलाचा वेळ. शहर आवरत असतं, रिक्षा निघालेल्या असतात, दुकानांची शटरं वर जात असतात, आणि जाहिरातदाराला नेमकी हीच गर्दी हवी असते. फलकावर फोटो मुख्य आरजेचा, जिंगलमध्ये नाव त्याचं. शेजारचा जोडीदार बऱ्याचदा कार्यक्रमाचा निर्माता, लेखक किंवा कालपर्यंत फोन घेणारा शिकाऊ पोरगा असतो. एखाद्या दिवशी तो माइकवर काहीतरी बोलतो, फोन वाजायला लागतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तो कार्यक्रमाचा भाग होतो. ही नोकरी जाहिरात देऊन भरली जात नाही, ती अशीच सापडते.

पाश्चात्त्य रेडिओत या सगळ्याला रीतसर आकार आला तो १९८०च्या दशकात. अमेरिकेत टॅम्पा शहरात १९८१च्या सुमारास स्कॉट शॅनन आणि क्लीव्हलँड वीलर यांनी ‘मॉर्निंग झू’ नावाचा प्रकार रुळवला आणि १९८३ साली शॅननने तो न्यूयॉर्कच्या झेड-१०० केंद्रावर नेला. एका निवेदकाच्या जागी चार-पाच जणांचा गलका, नकला, खोटे फोन, चिडवाचिडवी. ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ वनवर ख्रिस मॉइल्सच्या शेजारी डेव्ह विटी बसायचा. लोक त्याला ‘कॉमेडी डेव्ह’ म्हणूनच ओळखत. जानेवारी २००४ ते सप्टेंबर २०१२ एवढा काळ त्यांनी देशाची सकाळ सांभाळली, आणि मार्च २०११ मध्ये मदतनिधीसाठी दोघांनी सलग ५२ तास प्रक्षेपण केलं. मॉइल्सला तो कार्यक्रम सोडावा लागला तेव्हा त्याच दिवशी डेव्हचीही सकाळ संपली. जोडीदाराच्या कारकिर्दीतली ही सगळ्यात कठीण गोष्ट आहे. त्याची जागा त्याच्या नावाची नसते, दुसऱ्याच्या कार्यक्रमाला जोडलेली असते.

आपल्याकडे मात्र हा माणूस रेडिओने आणलेला नाही. सोलापूरच्या माणसाला तर हे वेगळं सांगायला नको, कारण तुळजापूर हाकेच्या अंतरावर आहे. तिथल्या देवीच्या गोंधळात नाईक आख्यान लावतो आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीतला जोडीदार मध्येच त्याला अडवतो. देवीच्या कथेत तो बाजारभाव विचारतो, राजाच्या वर्णनात गावच्या पाटलाला आणतो. नाईक रागावल्यासारखं करतो, मांडवात हशा पिकतो, कथा पुढे सरकते. तमाशात गवळणीला पेंद्या आणि मावशी, बतावणीला सोंगाड्या. बतावणीत सरदार शुद्ध बोलतो, रुबाबात बोलतो. सोंगाड्या त्याच्या एकेका शब्दाची चिरफाड करत जातो. बोलणी सोंगाड्या खातो, पण उघडा पडतो तो सरदार.

या परंपरेचं आधुनिक नाटक करणारा माणूस सोलापुरातच जन्मला. वसंत सबनीस यांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ रंगभूमीवर आलं आणि त्यातला हवालदार दादा कोंडके यांनी असा काही केला की प्रेक्षक तोच पाहायला येऊ लागले. त्या दिवशीच्या पेपरातली बातमी रात्रीच्या प्रयोगात हवालदाराच्या तोंडी यायची. दादांची ही हजरजबाबी शैली आजच्या सकाळच्या एफएमच्या फार जवळची आहे. पुढे १९७१ मध्ये सबनीसांच्याच लेखणीतून ‘सोंगाड्या’ चित्रपट आला आणि हवालदाराचा थेट नायक झाला. दुय्यम विनोदी पात्राला असं भाग्य क्वचित लाभतं.

एफएमवर या परंपरेचं काय झालं, ते मला खटकतं. आपल्या बहुतेक खाजगी केंद्रांवर जोडीदाराला सोंगाड्याची जागा मिळाली, पण सोंगाड्याचा अधिकार मिळाला नाही. मुख्य आरजे शहरी, चटपटीत, हिंदी-इंग्रजी मिसळून बोलणारा. जोडीदाराच्या वाट्याला गावरान उच्चार, बावळटपणा, लग्न न जमणं, जाडी आणि काळेपणा. हशा वरून खाली वाहतो. तमाशात तो खालून वर जायचा. शिवाय कित्येकदा दुसरा माणूसच नसतो. दिल्लीच्या रेड एफएमवर आरजे रौनकने ‘बउआ’ हे पात्र स्वतःच्याच दुसऱ्या आवाजात उभं केलं आणि ते देशभर गाजलं. ते कसब अस्सल आहे, त्याबद्दल शंका नाही. पण त्याचं यश बघून ठिकठिकाणी एकच माणूस दोन आवाज काढू लागतो आणि दुसऱ्याचा पगार वाचतो, हेही खरं.

सोंगाड्याचं खरं काम रेडिओवर अजून होऊ शकतं, याचा दाखला मुंबईने २०१७ मध्ये पाहिला. आरजे मलिष्काने ‘सोनू’ या गाण्याच्या चालीवर रस्त्यांतल्या खड्ड्यांचं गाणं केलं, घरोघरी ते पोचलं, आणि नंतर तिच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची महापालिकेची नोटीस आली. एका विडंबनगीताची एवढी दखल घ्यावी लागली, यातच त्याची ताकद दिसते.

सोलापुरात आज आकाशवाणीचं १०३.४ मेगाहर्ट्झ आहे, शिवाय रेडिओ सिटी, बिग एफएम, माय एफएम या साखळ्यांनी आपली केंद्रं इथे काढली. साखळी म्हटली की एकच कार्यक्रम अनेक गावांना ऐकवण्याचा मोह आलाच. आधी ही जोडणी एका विभागातल्या लहान शहरांपुरती मर्यादित होती. २०११च्या तिसऱ्या टप्प्याच्या धोरणाने कंपन्यांना आपल्या देशभरातल्या केंद्रांवर तीच गोष्ट ऐकवायची मुभा दिली. हिशेबाच्या वहीत ते शहाणपणाचं असेल. पण विनोद असा पाठवता येत नाही. मुंबईच्या लोकलची गंमत अशोक चौकात हसू आणत नाही.

आता इथलीच एक लिंक कल्पून पाहू. दोन गाण्यांच्या मधल्या बोलण्याला स्टुडिओत लिंक म्हणतात. मे महिना आहे. मुख्य आरजे सांगतो, “सोलापूरकर, आज पारा बेचाळीसच्या वर जाणार.” जोडीदार विचारतो, “कुठं मोजलेत बे ते?” “हवामान खात्यात.” “मग तिथं झाडं असतील. जरा आमच्या गल्लीत येऊन मोजा म्हणावं.” की लगेच गाणं.

पंधरा सेकंदांत एवढंच. पण त्यात पहिल्या बोलण्याने माहिती दिली, दुसऱ्याने ती अडवली, चौथ्याने शहरात झाडं उरली नाहीत हे न सांगता सांगितलं. पाचवं बोलणं आलं असतं तर त्याचं भाषण झालं असतं. जोडीदाराला थांबायचं कधी हे आधी शिकावं लागतं, बोलायचं कसं हे नंतर. आणि त्यातला ‘बे’ काढून बघा. हिशेब तोच राहतो, पण बोलणारा माणूस सोलापूरचा राहत नाही.

या शहराकडे तर एका केंद्राला पुरून उरेल इतका माल आहे. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात आणि एकाच वाक्यात मिसळतात. पूर्व भागातल्या घरांत विड्या वळणाऱ्या बायकांचे हात गुंतलेले असतात आणि कान मोकळे. पाणी कोणत्या दिवशी येणार, हा इथला रोजचा प्रश्न आहे. त्यावर इतकी वर्षं सभा झाल्या, मोर्चे निघाले. आता एखादा सोंगाड्या रोज सकाळी सात वाजता फक्त एवढंच विचारत राहिला, “आज कुणाच्या गल्लीत आलं?”, तर ते चिडवणं नसेल, ती नोंद असेल. गड्ड्याच्या जत्रेत अख्खं शहर एका मैदानावर लोटतं तेव्हा माइक घेऊन फिरणाऱ्या जोडीदाराला कागदावर काही लिहून न्यायची गरजही पडणार नाही.

यात धोका नाही असं नाही. खाजगी केंद्रांना आकाशवाणीची आचारसंहिता लागू आहे, आणि जाहिरातदार रुसला तर संध्याकाळपर्यंत वरून फोन येतो. त्या फोनचा भार माइकवरच्या पोराने एकट्याने का सोसावा? तो केंद्रप्रमुखाने उचलायचा असतो. मुख्य आरजेनेही आपल्यावर हसू द्यायची तयारी ठेवायला हवी. सरदाराने पडतं घेतलं नाही तर बतावणी होतच नाही.

म्हणून सोलापूरच्या केंद्रचालकांना विनंती आहे. सकाळच्या कार्यक्रमात दुसरा माइक कायमचा लावा. तो पूर्व भागातल्या, तेलुगू मिसळून मराठी बोलणाऱ्या पोराला नाहीतर पोरीला द्या. त्यांना उच्चार सुधारायला लावू नका. त्यांचं नाव जिंगलमध्ये घ्या, कंत्राट त्यांच्या स्वतःच्या नावाने करा. आणि श्रोत्यांनो, असा आवाज कानावर पडला तर केंद्राला फोन करून सांगा. केंद्राला ही गोष्ट तुमच्या फोनवरूनच कळते.