जखमेस पट्टी कोणती बांधावी?

सोयाबीनच्या कापणींत विळा बोटास लागतो, तूर निघाल्यावर तिचीं धसकटें तळपायांत शिरतात, आणि कुंपणाच्या बाभळीचा कांटा तर बारमाही. तिवसा तालुक्यांतील शेतकऱ्यास जखम नवी नाहीं. तथापि तिजवर उपाय बहुधा एकच होतो: हळद, चुना, राख, जें हातीं लागेल तें दाबावयाचें व वर चिंधी गुंडाळावयाची. एकच खत सर्व जमिनींस मानवत नाहीं, तद्वत् एकच पट्टी सर्व जखमांस चालत नाहीं.

रक्त वाहत असल्यास स्वच्छ फडक्याची जाड घडी जखमेवर ठेवून सुमारें १० मिनिटें सतत दाबून धरावी. रक्त थांबलें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ती मध्येंच उचलूं नये. घडी भिजल्यास तिच्याच वर दुसरी ठेवावी. तरीही रक्त न थांबल्यास दाब न सोडतां रुग्णालय गांठावें. किरकोळ जखम मात्र प्रथम वाहत्या स्वच्छ पाण्यानें धुवावी.

खरचटलेल्या जागीं कोरडा गॉज बांधल्यास तो चिकटतो व सोडतांना नवी कातडीही उपटून येते. म्हणून आधीं व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा व वर गॉज बांधावा. जखम उघडी ठेवून वाळूं द्यावी, ही समजूत बरोबर नाहीं. जॉर्ज विंटर यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या डुकरांवरील प्रयोगांत, झांकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमेवर उघड्या जखमेपेक्षां सुमारें दुप्पट वेगानें कातडी आली. कोरड्या खपलीखालून वाट काढण्यास नव्या कातडीस वेळ लागतो, हें त्याचें कारण.

जखम फार पाझरत असेल तर मात्र ओल शोषणारी जाड पट्टी हवी. ती भिजतांच बदलावी, अन्यथा भोंवतालची कातडी कुजते. वऱ्हाडांत कापसास तोटा नाहीं; परंतु कापूस उघड्या जखमेवर कधींही ठेवूं नये. त्याचे तंतू आंत अडकतात. खालीं गॉज व वर कापूस, हा क्रम ठेवावा.

धसकटाची वा खिळ्याची जखम तोंडाशीं लहान व आंत खोल असते. धनुर्वाताचे जंतू शेणामातींत असतात व हवा न पोंचणाऱ्या जागीं वाढतात. अशी जखम चुना किंवा शेण यांनीं बुजवूं नये. ती धुवून सैल गॉज ठेवावा व त्याच दिवशीं धनुर्वाताच्या लसीविषयीं डॉक्टरांस विचारावें.

भाजलेल्या जागेवर प्रथम २० मिनिटें थंड पाणी सोडावें, मग न चिकटणारी पट्टी बांधावी. मुंबईच्या सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाच्या डॉ. माधुरी गोरे व सहकारी यांनीं याकरितां केळीच्या पानाची पट्टी वापरून तिचा अभ्यास २००३ सालीं प्रसिद्ध केला. ती चिकटत नाहीं, स्वस्तही पडते. परंतु तीं पानें निर्जंतुक केलेलीं असतात; बागेंतील पान तोडून तसेंच लावूं नये.

मधुमेह असणाऱ्यांनीं पायाची लहान जखमही घरीं हाताळूं नये. पाय बधिर असल्यास दुखणें कळत नाहीं आणि उशिरानें पाय गमावण्याची पाळी येते. इतरांनींही सूज वाढली, पू आला, लाली पसरली किंवा ताप चढला, तर पट्टी बदलत न बसतां डॉक्टरांकडे जावें.