स्वस्त बंदूक आणि तिचा भरवसा

घोड आणि भीमा नद्यांच्या काठी शिरूर-दौंडचे उसाचे पट्टे आहेत आणि वस्त्या शिवारात विखुरलेल्या. अशा भागात परवान्याची कमी किमतीची बंदूक म्हणजे बहुधा बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी. नळी वाकवून काडतूस हातानेच भरायचे असल्याने तिच्यात हलते भाग थोडे, म्हणून अडकण्याची भीतीही थोडी. वापरणाऱ्यांची तक्रार असते ती सैल बिजागरीची, झिजलेल्या पिनेची आणि त्याहून जास्त काडतुसांची. दमट हवेत वर्षानुवर्षे पडलेले काडतूस फुगते, नळीत रुतते किंवा फुसके निघते. दोष मात्र बंदुकीच्या माथी येतो, जो बहुतेकदा अन्यायाचा असतो. कानपूरच्या सरकारी कारखान्यातले .३२ रिव्हॉल्व्हर या बंदुकांपेक्षा बरेच महाग, तरी त्याचा चाप जड असल्याची कुरकुर ऐकू येतेच.

गावठी कट्टा या सगळ्यांहून स्वस्त, पण त्याच्या नळीची दाबचाचणी झालेली नसते. ती फुटली तर चालवणाऱ्याचाच हात जातो. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार असा कट्टा बाळगणे गुन्हा आहे. उसात बिबट्याची भीती असली, तरी परवान्याच्या बंदुकीनेही त्याला सरसकट मारता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो संरक्षित आहे.